नववी ‘क’, तिसरा बाक

स्मरणिका समितीने ‘शाळेतला एक गमतीदार प्रसंग’ मागितला आहे. प्रसंग आहे. त्याला गमतीदार म्हणायला मला एकवीस वर्षं लागली.

साल १९९६-९७, नववी ‘क’, भिंतीकडच्या रांगेतला तिसरा बाक. माझ्या शेजारी बसणाऱ्याचं शाईचं पेन कायम गळायचं. उजव्या हाताचं मधलं बोट पेरापर्यंत निळं. ते तो खुशाल तेलकट केसांना पुसायचा. बीजगणिताच्या तासाला मी फळा सोडून ते बोट बघत बसायचो, आणि का बघतोय ते मलाच उमगत नव्हतं. पोरं ‘अ’ तुकडीतल्या मुलींविषयी बोलायची, तेव्हा मीही एक नाव ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलंच तर सांगायला असावं म्हणून.

माझ्याजवळ शब्दच नव्हता. होते ते ‘बायल्या’ आणि ‘छक्का’, आणि ते वर्गातल्या दुसऱ्याच एका मुलासाठी राखीव होते. पीटीच्या तासाला त्याला सगळ्यांपुढे ‘चालून दाखव’ म्हणायचे. सर हसायचे, म्हणून आम्हीही. सगळ्यात मोठ्याने मी. दहावीला त्याने शाळा बदलली. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

विज्ञानातला प्रजननाचा धडा ‘घरी वाचून घ्या’मध्ये गेला. घरी वाचला. त्यात फूल होतं, बेडूक होता, मी नव्हतो. रविवारच्या पुरवणीत एका मुलाने माझाच प्रश्न विचारला होता. उत्तर होतं, व्यायाम करा, लग्न झालं की आपोआप जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली होती, पण ती बातमी आमच्या एसटी स्टँडवरच्या पेपरात काही उतरली नव्हती. मी रोज पन्नास जोर काढू लागलो. दंड भरले, बाकी होतं तसंच.

तर प्रसंग. शेजाऱ्याला ‘अ’मधली एक मुलगी आवडायची आणि माझं अक्षर बरं. पत्र मी लिहून द्यायचं ठरलं. दोन रात्री जागून लिहिलं. पत्र जायच्या आधीच मराठीच्या बाईंना ते तपासायच्या वहीत सापडलं. मधल्या सुट्टीत मला एकट्याला बोलावलं.

“अक्षर तुझं.”

“हो बाई, पण ते त्याच्यासाठी…”

“‘तुझ्या बोटाची शाई माझ्या वहीला लागते.’ अरे, ती मुलगी बॉलपेन वापरते.”

मी खाली बघत राहिलो. चपलेचा अंगठा तुटलेला, त्यात टाचणी खोचलेली. बाईंनी पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

“आणि ‘हुरहूर’मधला शेवटचा हू दीर्घ. जा, डबा खा.”

मुख्याध्यापकांकडे काही गेलं नाही, घरीही नाही.

दहावीनंतर पुणे. तिथे २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी माझ्यासारख्यांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट सुरू केला. त्या वर्तुळात ‘समलिंगी’ हा शब्द मी पहिल्यांदा शिवीसारखा न उच्चारता ऐकला. असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ पासून २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. त्यामुळे ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने निकाल फिरवला आणि त्या कलमातून सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध वगळले गेले, तेव्हा पेढे आणायचा धीर झाला नाही. संध्याकाळी बाईंना फोन केला. नाव सांगितलं.

“हुरहूरवाला ना?”

मग थोडं थांबून म्हणाल्या, “मला तेव्हा कळलं होतं रे. पण पुढे काय बोलायचं ते आम्हाला बीएडला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून शुद्धलेखन काढलं.”

पत्राचं काय केलंत, विचारलं. त्याच संध्याकाळी बंबात घातलं म्हणाल्या. कुणाच्या हाती लागलं असतं तर?

शेजारी आता स्मरणिका समितीत आहे, म्हणजे हा मजकूर पहिल्यांदा तोच वाचणार. लेका, ते पत्र ‘अ’ तुकडीसाठी नव्हतंच. जागा कमी पडली तर जोर काढल्याचं काप, बाईंचं राहू दे.