घरच्या ल्युअरला आधी धार दाखवा

घरी कोरलेला लाकडी ल्युअर, म्हणजे माशाला भुलवणारं खोटं आमिष, बादलीत सोडला की झकास दिसतो. टबात हातभर ओढला तर शेपूटही हलवतो. तोच नदीच्या धारेत गेला की कुशीवर पडतो आणि पाण्यावरून फरफटत येतो. साचलेल्या पाण्यात ल्युअरला वेग मिळतो तो फक्त आपल्या रिळाचा. धारेविरुद्ध ओढताना पाण्याचाही वेग त्यात भरतो, आणि पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. टबात जेमतेम साधलेला तोल तिथे टिकत नाही. नदीवरच्या बास माशासाठी काहीही तयार करताना, अगदी होडीचा नांगर बांधतानासुद्धा, हा चौपटीचा हिशेब सुटला की सगळं चुकतं.

नदीत गाठ पडते ती बहुतेक स्मॉलमाउथ बासशी. लार्जमाउथ या दुसऱ्या जातीला संथ पाणी, गवत, बुडालेल्या फांद्या असं काही लागतं. स्मॉलमाउथला दगडगोटे आणि वाहतं पाणी. पण वाहतं पाणी आवडतं म्हणून तो दिवसभर धारेशी झुंजत बसत नाही. खडकाआड जोराचं पाणी आणि संथ पाणी यांची शिवण पडते, वरून फेसाची किंवा पाल्याची रेघ दिसते. बास त्या रेघेच्या संथ बाजूला थांबतो आणि धारेतून येणारं टिपतो. क्रेफिश (गोड्या पाण्यातला कोळंबीसारखा प्राणी), लहान मासे, दगडाखालच्या अळ्या हे त्याचं खाणं. म्हणून ल्युअर ५ ते ७ सेंटिमीटरचा, तपकिरी किंवा शेवाळी, आणि तळाच्या दगडांना ठोकरत जाणारा हवा.

लाकडाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे बाल्सा सांगतात. बाल्सा हलका (घन सेंटिमीटरला साधारण ०.१५ ग्रॅम), त्यामुळे चपळ हलतो, आणि दगडात अडला की दोर सैल सोडताच मागे सरकत वर तरंगतो. दगडाळ नदीत हा मोठा गुण. पण नखानेही त्यात खड्डा पडतो, आणि स्क्रूचा डोळा (पेचाची कडी) त्यात धरत नाही, मासा ओढून काढतो. पहिले चार-पाच ल्युअर बासवुडचे करावेत, वजन घन सेंटिमीटरला ०.४ ग्रॅमच्या आसपास, चाकू सरळ चालतो, लाकडाच्या रेषा उसवत नाहीत. (नावातला ‘बास’ माशाचा नाही, त्या झाडाच्या सालीतून निघणाऱ्या वाखाचा आहे.) हात बसला की बाल्सा घ्या.

ठोकळा ६० मिमी लांब, २० मिमी उंच, १५ मिमी जाड. चारही बाजू गुण्याने तपासा आणि मध्यरेषा पाठीवर, पोटावर, नाकावर, शेपटीवर अशी सलग फिरवा. यानंतर लगेच चाकू उचलायचा मोह होतो. तो आवरा. जिभेची, म्हणजे ल्युअरला पाण्यात खाली नेणाऱ्या नाकाजवळच्या पट्टीची, खाच आधी, ठोकळा चौकोनी असतानाच कापायची. एकदा बाजू गोल झाल्या की गुण्या टेकवायला जागाच उरत नाही, खाच अंशभर तिरकी जाते आणि तो ल्युअर आयुष्यभर एकाच बाजूला पळतो. घरच्या ल्युअरमधले निम्मे दोष इथेच जन्मतात असं मला वाटतं.

जीभ जितकी उभी, तितका ल्युअर उथळ चालतो. शरीराच्या रेषेत जितकी आडवी आणि लांब, तितका खोल जातो. गुडघा ते कमरेएवढ्या पाण्यासाठी शरीराच्या रेषेशी ४५ ते ६० अंशांचा कोन ठीक. जिभेसाठी १.५ मिमी पॉलिकार्बोनेट वापरा. ॲक्रिलिक दिसायला तेच, पण दगडावर आपटून तुकडे होतात. रुंदी १५ मिमी, बाहेर निघालेला भाग १२ मिमी, आणि पुढचे कोपरे गोल न करता चौकोनीच ठेवा. चौकोनी जीभ दगडावर आपटली की ल्युअर उसळून बाजूला फेकला जातो, आणि बास बऱ्याचदा त्याच झटक्याला तोंड घालतो. खाचेसाठी हॅकसॉची दोन पाती एकत्र बांधली तर काप जिभेच्या जाडीच्या जवळपास पडतो. आधी टाकाऊ लाकडावर कापून बघा.

मग आकार. बाजूने बदाम, वरून पाहिलं तर डोक्याकडे जाड आणि शेपटीकडे निमुळता. चाकूने ढोबळ, कानशीने जवळपास, शेवटी १२० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर. मध्यरेषा अगदी शेवटपर्यंत पुसू देऊ नका.

पोटावर मध्यरेषेने चीर पाडून त्यात ०.८ मिमी जाडीची स्टेनलेस तार बसवायची, नाकापासून शेपटीपर्यंत एकच तुकडा: नाकाला एक कडी, पोटाखाली एक, शेपटीला एक. लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. तार अजून चिकटवू नका, कारण आता शिसं.

ल्युअर पाण्यात किती उचलला जाईल हे अंदाजाने ठरवू नका. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. लाकडावर पातळ सुपरग्लूचा एक हात आधीच दिलेला असू द्या, म्हणजे ते पाणी पिणार नाही. त्याला बारीक सुई टोचून पूर्ण बुडेपर्यंत खाली दाबा. पेल्याच्या तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. समजा ९ आले. म्हणजे गळ, कड्या, तार, जीभ, रंग आणि शिसं धरून एकूण वजन ९ ग्रॅमला पोचलं की ल्युअर पाण्यात जागीच थांबेल, त्यावर गेलं की बुडेल. दगडाळ पाण्यासाठी ७.५ ग्रॅमवर थांबा. दीड ग्रॅमची उचल हाताशी राहते. इपॉक्सीच्या लेपासाठी साधारण १ ग्रॅम आधीच बाजूला काढा. हे विसरल्यामुळे बुडालेले ल्युअर पुष्कळ.

आता तार चिरेत दाबा, जीभ खाचेत अडकवा, गळ कड्यांना लावा आणि शिशाची पट्टी रबरबँडने पोटाला बांधा. पाण्यात सोडा. नाक वर करून उभा राहिला तर पट्टी पुढे सरकवा, नाक खुपसून बसला तर मागे. पट्टी पुढच्या गळाच्या जरा पुढे आली की ल्युअर बहुतेक आडवा बसतो. ती जागा पेन्सिलने खुणा. तिथे पोटातून उथळ भोक पाडून शिसं बसवा. भोक खोल गेलं तर शिसं वर चढतं आणि तोल जातो. शिसं जितकं खाली, तितका ल्युअर जोराच्या पाण्यातही सरळ. तार, शिसं आणि चीर इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरून टाका.

शिसं हातमोज्याशिवाय हाताळू नका आणि बंद खोलीत वितळवू नका. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. साच्यात पाण्याचा थेंब जरी असला तरी त्याची क्षणात वाफ होऊन तप्त शिसं उडतं. पाणपक्षी खड्यांबरोबर शिशाच्या गोळ्या गिळतात आणि मरतात, म्हणून ब्रिटनने १९८७ साली ०.०६ ते २८.३५ ग्रॅममधल्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. टंगस्टन शिशाहून जड, त्यामुळे भोक लहान पुरतं. बिस्मथ २७१ अंशांना वितळतो, ओतायला सोपा, पण थोडा हलका आणि ठिसूळ.

लाउरी रापाला या मच्छीमाराने १९३६ च्या सुमारास फिनलंडमध्ये आपला पहिला ल्युअर बुचातून कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चढवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. त्या लेपाचं एकच काम होतं: पाणी बाहेर ठेवणं. आपल्या इपॉक्सीचंही तेच. रंगाआधी ल्युअर स्पिरिटने पुसा. बोटाचा तेलकटपणा राहिला तर लेपात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. रंगात पाठ गडद, पोट फिकं, एवढं सांभाळलं की पुरे. डोळ्यांच्या नक्षीवर तासन्‌तास घालवणारे बासपेक्षा मित्रांना खूश करतात. इपॉक्सी दोन भागांची, मोजून समान. घोटताना फेस आणू नका. जिभेच्या खाचेवर आधी टेप लावा. लेप दिल्यावर ल्युअर मिनिटाला ५-६ फेऱ्यांनी फिरत राहिला पाहिजे, नाहीतर पोटाखाली थेंब लोंबतो आणि साधलेला तोल तिथेच बिघडतो. त्यासाठी मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर नेमक्या वेगाची असते. मात्र ती बहुधा थेट घरच्या विजेवर चालते, जोडणी उघडी ठेवू नका. जीभ सगळ्यात शेवटी चिकटवा आणि पुढून पाहून मध्यरेषेशी काटकोन जुळवा.

चाचणी वाहत्या पाण्यातच. ल्युअर तुमच्याकडे येताना तुमच्या डावीकडे पळत असेल, तर त्याचं नाक स्वतःकडे धरून नाकाची कडी पक्कडीने उजवीकडे वाकवा. केसभर, अर्धा मिलिमीटरही नाही. हळू ओढताना ठीक पण वेगात लोळत असेल तर जीभ मोठी आहे किंवा शिसं कमी. आधी जीभ दोन्ही बाजूंनी सारखी घासा. हलतच नसेल तर शिसं जास्त, मागे सरकलेलं, किंवा जीभ फारच लहान. गळ बदलले तर तोल पुन्हा पाहा. तीनतोंडी गळाच्या जागी एकतोंडी लावणं माशासाठी चांगलं, पण वजन उतरतं.

रॉड-रिळात फार घोळ नको. दोन मीटरच्या आसपासचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, २५०० चं रीळ, १० पौंडी ब्रेड (विणलेला दोर) आणि पुढे मीटरभर ८ पौंडी फ्लुरोकार्बन (पारदर्शक दोर). ब्रेड ताणत नाही, म्हणून तीनतोंडी गळाला रॉडचा शेंडा जरा मऊ हवा. कडक शेंड्याने गळ तोंडातून फाटून येतो. गाठ आवळण्यापूर्वी ओली करा, कोरडी गाठ घर्षणाने तापून कमकुवत होते.

ल्युअर जिथे अडकतो त्या खोल डोहात केसांचा जिग, म्हणजे जड डोक्याचा, केस बांधलेला गळ. ३.५ ते ७ ग्रॅमचं डोकं. अधूनमधून तळाला टेकेल पण रुतून बसणार नाही इतपत वजन. हरणाच्या शेपटीचे केस बुंध्याकडे पोकळ असतात, दोरा आवळला की फुलतात. टोकाकडचे सरळ राहतात. जिगला टोकाकडचे घ्या, आणि चिमूटभरच. जाडजूड बांधलेला जिग तरंगल्यासारखा खाली जातो आणि धार त्याला माशापर्यंत पोचू देत नाही.

होडी साडेतीन मीटरची सपाट बुडाची, किंवा वर बसायचा कयाक. दोन्ही वीतभर पाण्यात चालतात. सपाट बूड सुरुवातीला भक्कम वाटतं, पण कड पाण्याखाली गेली की उलटायला वेळ लागत नाही, म्हणून दोघांनी एकाच बाजूला वाकून मासा उचलायचा नाही.

खरा धोका नांगराचा. वाहत्या पाण्यात नांगराची दोरी कधीही होडीच्या कुशीला बांधू नये. होडी आडवी होते, धार वरच्या बाजूला साचते, ती कड खाली दाबली जाते, आणि पाणी आत शिरतं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. मागच्या टोकालाही नको, तिथे काठ बुटका आणि मोटरचं वजन. दोरी पुढच्या टोकाला, आणि धार माणसाच्या चालीपेक्षा जोरात असेल तर नांगर टाकायचाच नाही; खडकाआडच्या संथ पाण्यात शिरून तिथून फेकायचं.

नांगरापेक्षा मला ओढसाखळी जास्त पटते. जाड साखळीचा ३ ते ५ किलोचा तुकडा सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये घालून दोन्ही तोंडं बांधायची. ट्यूबमुळे कड्या दगडांत अडकत नाहीत आणि खडखडाट होत नाही. दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा थोडीच जास्त ठेवा. होडी थांबत नाही, धारेपेक्षा हळू सरकते, आणि प्रत्येक खडकाआड दोन-तीन वेळा ल्युअर फेकायला सवड मिळते. पडलेली झाडं पुढे दिसली की साखळी लगेच वर. त्यांच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. बुटक्या बंधाऱ्याच्या तर जवळही जाऊ नका; खालचा भोवरा माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतो. होडी खडकाला आडवी टेकली तर खडकाकडे झुका, उलट बाजूला नव्हे. पाण्यात पडलात तर उताणे, पाय पुढे. गुडघ्यापेक्षा खोल जोराच्या पाण्यात उभं राहू नका, पाय दगडात अडकतो.

लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. त्यावर एका हाताने उघडणारा चाकू. दोरीला गाठ मारायची नाही, ती दातेरी क्लीटमध्ये (दोरी पकडणाऱ्या चिमट्यात) दाबायची, आणि मोकळ्या टोकाला रंगीत तरंगता बोया, म्हणजे सोडून दिलेली साखळी नंतर सापडते. निघण्याआधी काठावरच दोरी ओली करून कोणाला तरी जोरात ताणायला सांगा आणि बसल्या जागेवरून एका हाताने ती सोडून पाहा. दोन हात लागले तर क्लीटची जागा बदला.