मोर, चादर आणि हिशोबाची वही

मी हातानं वह्या बांधते, त्यांच्यासाठी मोर छापायची स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, आज नळाला पाणी होतं म्हणून धुवायचा मुहूर्त लागला. आपल्या सोलापुरात पाणी काही रोज येत नाही आणि स्क्रीन प्रिंटिंगमधलं निम्मं काम पाण्याचंच, त्यामुळे माझं सगळं वेळापत्रक नळावर ठरतं. रात्रीच बाथरूममध्ये पिवळा बल्ब लावून बोल्टिंगच्या कापडावर, म्हणजे त्या जाळीवर, केमिकलचा पातळ थर ओढला, पंख्याखाली सुकवला आणि सकाळी काळ्या कापडात गुंडाळून फ्रेम गच्चीवर नेली. वर ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं काढलेला मोर, त्यावर काच, बास. एक्सपोजिंगचं मशीन कशाला पाहिजे, एप्रिलचं ऊन मिनिटभरात काम करतं की! ऊन लागलं तिथं केमिकल घट्ट होतं, काळ्या रेघेखालचं कच्चंच राहतं, मग पाण्याचा फवारा मारला की तेवढंच वाहून जातं. आधी डोळा उघडला, मग तुरा, मग पिसाऱ्याच्या पायऱ्या एकेक करत मोकळ्या झाल्या. हे बघताना मला श्वास घ्यायचं भान राहत नाही, खरंच.

पायऱ्या म्हणजे काय, तर आपल्या चादरीवरच्या मोराला गोल रेघ नसतेच. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, ताण्याचा (उभा) धागा एकतर उचलला जातो किंवा नाही, मधलं काही नाही, म्हणून मान वळली तरी ती पायरी पायरीनं वळते. मला तसाच मोर हवा होता, म्हणून ग्राफ पेपरवर घरं भरत बसले होते. शेजारचे मामा, ज्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलं, ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अम्मा, मान दोन घरं जाड कर, लांबून काठी दिसायलीय." केली जाड, आणि मोर एकदम मोर दिसायला लागला. असलं शिक्षण कुठल्या व्हिडिओत मिळणार सांगा.

छापायचं मात्र सकाळी आठच्या आत. पाण्यातली शाई इथल्या उन्हाळ्यात जाळीतच वाळून बसते, मग थोडं ग्लिसरीन घालायचं, पंखा बंद ठेवायचा आणि एक कागद छापून दुसरा ठेवेपर्यंत जाळीवर शाईचा हलका थर ओढून ठेवायचा. कापडावर छापताना मी सेंटीमीटरला ४३ धाग्यांची जाळी वापरते, कागदाला मात्र १२० ची, नाहीतर बारीक रेघा पसरतात.

वहीचं कव्हर चादरीच्या कटपीसचं, ते यंत्रमागवाल्यांकडून किलोवर मिळतं. जाड असल्यामुळे कोपरे दुमडताना बोटं दुखतात, पण खळ नीट मुरली की पुठ्ठ्याला असं घट्ट धरतं की विचारू नका (खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही). शिवायचा दोरा मेणबत्तीवर ओढून घ्यायचा, मग फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, ढिले पडत नाहीत.

आता मनातलं लिहिते. या वह्या मी ज्यांना ज्यांना दिल्या त्यातल्या बहुतेकांनी त्या कपाटात ठेवल्यात. "इतकी सुंदर आहे, लिहून खराब करवत नाही गं," असं म्हणतात आणि मला फार वाईट वाटतं. अरे, वही आहे ती, शोकेसमधली बाहुली नाही. हातानं केलेली वस्तू हातातच राहायला पाहिजे, तिला घाम लागला पाहिजे, कोपरे मऊ झाले पाहिजेत. म्हणून आता पहिलं पान कोरं ठेवायचंच नाही असं ठरवलंय, त्यावर फिकट करड्या रंगात पानभर मोर छापते आणि देतानाच सांगते की याच्यावरच किराणाची यादी लिही, म्हणजे भीती जाते.

सगळ्यात जास्त वापरलेली वही आईकडे आहे. दुधाचा हिशोब, भिशीचे पैसे, शेंगाचटणीला किती शेंगदाणे लागले ते सगळं त्यात, मधल्या पानांवर तेलाचे डाग, एका ठिकाणी तिखटाचं अख्खं बोट उमटलंय. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं विचारलं तर मी तीच काढून दाखवीन.

तिची वही संपत आलीय आणि तिला पुढची अरुंद पाहिजे, ओट्याशेजारच्या खिडकीत मावणारी. त्यामुळे उद्या कागद ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) बघून उभे कापायचेत, ग्रेन आडवा गेला तर वही सपाट उघडी राहत नाही, आणि आईला एकाच हातानं लिहायचं असतं, दुसऱ्या हातात झारा असतो.