डोळ्यांची आखणी

आषाढ लागला की आमच्या घरी शाडूची माती भिजत पडते, हा शिरस्ता माझ्या जन्माच्याही आधीचा आहे. यंदा मला ७८ वे वर्ष चालू आहे. परवा मुलाने माळ्यावरची तगारी खाली काढून दिली, तेव्हा मातीची ढेकळे फोडता फोडता मागचे सगळे आयुष्य डोळ्यांपुढून जाऊ लागले. श्रद्धा, घरसंसार आणि चित्रकला या तीन गोष्टी माझ्या आयुष्यात कधी वेगवेगळ्या खोल्यांत राहिल्याच नाहीत. त्या एकमेकींच्या पायात आल्या, एकमेकींवर रुसल्या आणि दर भाद्रपदात एका पाटावर येऊन बसल्या. म्हणून ही हकीकत मूर्तीच्या अनुषंगानेच सांगता येईल, असे वाटते.

माझा जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका वाड्यात झाला. वडील, म्हणजे नाना, संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० साली गुजरात राज्य झाले, तरी नानांचे टेबल आणि त्यांची मोडी वळणाची सही या दोन गोष्टी बदलल्या नाहीत. कचेरीबाहेर त्यांना एकच नाद होता, तो शाडूचे गणपती करण्याचा. घरचा एक आणि वाड्यातल्या चार बिऱ्हाडांचे चार, अशा पाच मूर्ती ते दरवर्षी करत आणि त्यांचे पैसे कधी घेत नसत. पेणच्या प्रसिद्ध मूर्तींसाठी लागणारी शाडूही मुख्यत्वे आमच्या गुजरातेतूनच जाते, ही गोष्ट ते पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत.

माती चाळायची, भिजवायची, पिंजलेला कापूस घालून ती कणकेसारखी मऊ होईपर्यंत तिंबायची, ही कामे आम्हा भावंडांची. सोंड, हात आणि कान नाना स्वतः लावत. मूर्ती सावलीत वाळवायची, कारण उन्हात ठेवली की तिला भेगा पडतात. मग सफेदा, मग रंग. डोळे मात्र शेवटपर्यंत कोरे असत. हरतालिकेच्या पहाटे नाना अंघोळ करून, सोवळे नेसून बसत आणि दार लोटून घेत. मी नऊ वर्षांची झाले त्या वर्षी मला प्रथम आत बसण्याची परवानगी मिळाली, तीही समई सरकवून धरण्यापुरती. खारीच्या केसांचा बारीक कुंचला ते ओठांवर फिरवून टोकदार करत, काजळी रंगात बुडवत आणि श्वास रोखून वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढत. रेघ पूर्ण होईपर्यंत मीही श्वास धरून ठेवत असे. बुबुळ भरले की खोलीत आणखी कोणीतरी आल्यासारखे वाटे. दुसऱ्या दिवशी प्राणप्रतिष्ठेच्या वेळी गुरुजी दूर्वांकुराने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावत, पण माझ्या मनात ते डोळे आदल्या पहाटेच उघडलेले असत.

नाना आम्हाला कधी कधी कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, नेत. तिथल्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ पासून पुढच्या काही वर्षांत काढलेली मोठी चित्रे आहेत. मीरेच्या जीवनाची भिंत मला कळत नसे, गंगावतरणाची मात्र कळे. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली होती आणि त्याच्या छापील देवी आमच्या ओसरीत टांगलेल्या होत्या. त्यामुळे एका शहरात देव दोन अगदी निरनिराळ्या तऱ्हांनी काढता येतात, हे मला शाळकरी वयातच ठाऊक झाले. याचे श्रेय मी बडोद्याला देते. दुसऱ्या गावात मी इतक्या लवकर हे शिकले नसते.

१९६४ साली मी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत प्रवेश घेतला. ही शाखा १९५० साली सुरू झाली होती आणि माझ्या वेळी चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिचे डीन होते. इंदूरचा मराठी माणूस बडोद्यात येऊन एवढी मोठी गोष्ट उभी करतो, याचा आमच्या वाड्याला कोण अभिमान! १९६६ साली ते सोडून गेले, तेव्हा मी दुसरे वर्ष पुरे करत होते. तिथे माझ्या नजरेची उलथापालथ झाली. चेहरा न काढताही माणूस काढता येतो आणि रेघ ही स्वतःच एक वस्तू असते, हे मला नव्याने कळले. त्या भरात एका श्रावणात मी नानांना म्हणाले की, गणपतीला डोळे असलेच पाहिजेत असे काही नाही, सोंडेचा डौलच पुरेसा आहे. नानांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमच्या कॉलेजात माणूस चित्राकडे बघतो. इथे मूर्ती माणसाकडे बघते." मी वाद घालत राहिले. पुढे कमाटीबागेतल्या संग्रहालयात अकोट्याच्या कांस्यमूर्तींचा अभ्यास करायचा होता. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या जैन मूर्ती १९५१ साली आमच्याच अकोट्याला जमिनीत सापडल्या होत्या. त्यांपैकी काहींच्या डोळ्यांत चांदी भरलेली आहे. बाकीचा धातू काळवंडला होता, पण ती चांदी अजून ओळखू येत होती. त्या दिवशी घरी आल्यावर नानांना मी काही बोलले नाही, पण वाद मात्र सोडून दिला.

१९७० साली लग्न झाले. यजमान रेल्वेत होते आणि सासर रावपुऱ्यात. सासूबाई कडक. गौरीच्या जेवणाला सोळा भाज्या, त्यांतली एकही कमी झालेली त्यांना चालत नसे. नवरात्रात आम्ही सुना आधी घरी भोंडला खेळत असू आणि मग पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, गरब्याला जात असू. माझ्या चित्रांबद्दल त्या बरे किंवा वाईट असे अक्षरही बोलत नसत. एका शाळेत २९ वर्षे मी चित्रकला शिकवली, त्याविषयी पुन्हा कधीतरी सवडीने लिहीन. नाना १९७६ साली गेले आणि त्या वर्षापासून घरचा गणपती आणि त्याचे डोळे माझ्याकडे आले. पहिल्या वर्षी डावा डोळा तीनदा पुसून चौथ्यांदा काढला.

१९८१ साली आमची धाकटी मुलगी अकरा महिन्यांची असताना तापाने गेली. त्याविषयी मी आजवर कुठेही लिहिलेले नाही आणि आताही थोडेच लिहिते. त्या वर्षी सुतकामुळे गणपती बसला नाही. पुढच्या वर्षी बसला, पण मूर्ती बाजारातून तयार आणली, कारण माझे हात मातीला लागेनात. देवावर माझा राग नव्हता. ज्याच्याकडे पाहून रागवावे असे कोणी आहे, हेच मला वाटेनासे झाले होते. आई दर गुरुवारी दत्तबावनी हे दत्ताचे स्तोत्र म्हणत असे. ते गुजरातीत आहे आणि ते रचणारे रंगावधूत महाराज जन्माने मराठी, गोध्र्याचे, हे आमच्या बडोद्याच्या मराठी घरांना फार जवळचे वाटते. आई मला त्यांच्या स्थानी, नारेश्वरला, घेऊन गेली. नर्मदेच्या काठी मी तिच्याबरोबर बसले, तिच्याबरोबर बावनी म्हटली, आणि माझ्या मनात काहीही हलले नाही. आईला वाईट वाटू नये म्हणून मी बरे वाटले असे सांगितले. ते खोटे होते, आणि तिला ते कळले होते, असे आज वाटते.

सहा वर्षे तयार मूर्ती आली. १९८८ च्या आषाढात एका सकाळी सासूबाई स्वतः रिक्षाने मंगळबाजारात गेल्या आणि शाडूचे पोते घेऊन आल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तरीला टेकलेले होते आणि गुडघे धरलेले होते. पोते त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात ठेवले, चाळण शेजारी ठेवली आणि मला म्हणाल्या, "भाज्या मी बघते." एवढेच. सोळा भाज्यांतली एकही दुसऱ्याच्या हाती न देणाऱ्या त्या बाई सबंध श्रावण ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि मी मागच्या पडवीत माती तिंबत राहिले. त्या वर्षी हरतालिकेच्या पहाटे मी डोळे काढायला बसले, तेव्हा दार लोटून घेतले नाही. सासूबाई उंबऱ्याशी येऊन बसल्या होत्या. वरच्या पापणीची रेघ मी नानांसारखी एका दमात ओढली. बुबुळ भरले आणि मला रडू आले. सासूबाईंनी पदराने माझे डोळे नव्हेत, तर आधी मूर्तीचा पाट पुसला, कारण माझे पाणी त्यावर पडले होते, आणि मग माझे डोळे पुसले. त्यांनी माझी चित्रे पाहिली होती, सगळी पाहिली होती, हे मला त्या दिवशी समजले.

तेव्हापासून एकाही वर्षी खंड पडला नाही. यजमान २०११ साली गेले. त्यानंतर आम्ही मुलाबरोबर अकोट्याजवळच्या सोसायटीत राहायला आलो. सूनबाई गुजराती आहे. ती मला मम्मी म्हणते, उकडीच्या मोदकांना माझ्यापेक्षा जास्त पाकळ्या पाडते आणि आरतीच्या वेळी सर्वांत मोठा आवाज तिचाच असतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला, पावसाची झड लागली. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट आहे. पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. रात्री आमच्या तळमजल्यात तीन फूट पाणी भरले. देवघर, कागदपत्रे, नातवाचा संगणक आणि धान्याचे डबे वर नेले. मूर्तीची आठवण मला वर पोहोचल्यावर झाली. मागच्या खोलीत पाटावर ती वाळत होती, सफेदा तेवढा व्हायचा होता. मी खाली जायला निघाले, तर मुलाने हात धरला. विश्वामित्रीत मगरी आहेत, पुरात त्या वस्तीत येतात, आणि जिन्याखाली अंधार होता. दोन रात्री आम्ही विजेविना वर काढल्या.

पाणी ओसरल्यावर पाट स्वयंपाकघराच्या दाराशी सापडला. मूर्तीची बैठक तेवढी ओळखू येत होती. बाकी सगळीकडे तपकिरी गाळ होता आणि त्यात एका जागी करड्या मातीचा गुळगुळीत पट्टा दिसत होता. ललित कला शाखेतली आणि नंतरची माझी रेखाटने खालच्या कपाटात होती. त्यांतली बहुतेक लगदा झाली. अकरा कागद आम्ही गच्चीत दोरीवर वाळत घातले. सूनबाई एकेका कागदाला चिमटा लावत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती, "मम्मी, हे कोण?" कीर्तिमंदिराच्या भिंतीवरून उतरवून घेतलेली एक आकृती वाचली. माझ्या सासूबाईंचे भाजी निवडतानाचे चित्र गेले. त्याचे वाईट मला अजून वाटते, आणि ते जाईल असे वाटत नाही.

चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. बाजारातही पुष्कळ मूर्ती भिजून गेल्या होत्या. मी तो करडा पट्टा खरवडून तगारीत घेतला. त्यात गाळ मिसळला होता, म्हणून आमच्या गुरुजींना फोन करून विचारले. ते म्हणाले, "भाद्रपदातले पूजन पार्थिव मूर्तीचे. पार्थिव म्हणजे मातीचे. नदीची माती तर चालतेच." माती दोनदा फडक्यातून गाळली तरी रंग काळपटच राहिला. मूर्ती जेमतेम चार इंचांची झाली. हवा इतकी ओलसर होती की हरतालिकेपर्यंत ती पुरती वाळली नाही, त्यामुळे सफेदा आणि रंग देता आले नाहीत. उघड्या मातीवर फक्त डोळे काढायचे ठरवले. माझा उजवा हात अलीकडे कापतो. यजमानांची रेल्वेतली लाकडी फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी टेकवली आणि तिच्यावर मनगट ठेवले. एका दमात रेघ होणार नव्हती, म्हणून ती तीन वेळा थांबून, तीन तुकड्यांत ओढली. नातू समई धरून बसला होता. मध्येच त्याने श्वास सोडल्याचा आवाज आला, आणि मग माझ्या ध्यानात आले की तो इतका वेळ श्वास धरून बसला होता.

विसर्जन घरीच बादलीत केले आणि माती परत तगारीत ठेवली. परवा ढेकळे फोडली तीच ही माती. चाळणीवर कापसाचे तंतू राहिले, दूर्वांच्या दोन काड्या राहिल्या आणि वाळूचे थोडे खडे राहिले, ते विश्वामित्रीचे. नातू आता चौदा वर्षांचा आहे. यंदा सोंड आणि कान तो करणार आहे, असे त्याने परस्पर ठरवून टाकले आहे. डोळे त्याने अजून मागितलेले नाहीत. मागितले, तर हरतालिकेच्या पहाटे त्याला चारला उठवावे लागेल, आणि तो उठायला फार कुरकुरतो.