डेट स्क्वेअरची नोंदवही: सारणातलं पाणी, तळाचा थर आणि जुन्या कार्डांवरची मापं

मागच्या नोंदीनंतर दोन गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. सारण घड्याळ बघून नाही, तर वजनकाट्यावर बघून शिजवायचं. आणि तळाचा थर सारण घालण्याआधी एकटाच भाजून घ्यायचा. या दोन बदलांनंतर तळ ओला, पिठूळ राहण्याची कटकट संपली. उरलेलं सगळं (ओट्स कुठले, साखर की गूळ, बटर की तूप) चवीचा आणि आवडीचा भाग आहे. त्यावर वाद घालायला मजा येते, पण स्क्वेअर बिघडतो तो पाण्यामुळे.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: डेट स्क्वेअर म्हणजे वर-खाली ओट्सचा चुरा आणि मध्ये शिजवलेल्या खजुराचा थर, असा कॅनडाचा घरगुती गोड पदार्थ. पश्चिमेकडच्या प्रेअरी प्रांतांत, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टात, त्याला मॅट्रिमोनियल केक या नावाने ओळखतात. न्यूफाउंडलंडमध्ये डेट क्रंबल्स. प्रेअरीत हिवाळा लांब आणि ताजी फळं दुर्मीळ, त्यामुळे रेल्वेने येणारा, महिनोन्‌महिने टिकणारा सुका खजूर घराघरात शिरला. ओट्स तर तिथल्याच शेतातले. लग्न, चर्चमधलं जेवण, अंत्यविधीनंतरचा चहा, सगळीकडे हे चौकोन ताटात असतात. मॅनिटोबात अशा गोड तुकड्यांच्या ताटाला डेंटीज म्हणतात. म्हणूनच तिथल्या माणसाला याची चव आठवते ती एकट्याने खाल्लेल्या तुकड्याची नसते. आजी, मावश्या, चर्चचं तळघर, चहाचा मोठा कप हे सगळं सोबत येतं. कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरांतही शेजारणीने दिलेलं किंवा सुनेने माहेराहून आणलेलं असं पाककृतीचं एखादं जुनं कार्ड सापडतं. ते वाचायचं कसं, यावर पुढे लिहिलं आहे.

आत्ताची मापं, २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनसाठी:

सारण: बिया काढलेला खजूर ३७५ ग्रॅम, पाणी २४० मिली, खायचा सोडा अर्धा ग्रॅम (पाव चमच्याच्या निम्मा), लिंबाचा रस २० मिली, चिमूटभर मीठ.

चुरा: मैदा १५० ग्रॅम, ओट्स १३० ग्रॅम, ब्राउन शुगर १३० ग्रॅम, बिनमिठाचं गार बटर १५० ग्रॅम, सोडा अर्धा चमचा, मीठ पाव चमचा. खारट बटर असेल तर मीठ वगळा.

चुरा एकूण ५६० ग्रॅम होतो. त्यातला ३४० ग्रॅम तळाला, २२० ग्रॅम वर. अंदाजाने निम्मा-निम्मा केला की तळ पातळ होतो आणि तुकडा उचलताना मोडतो.

आता सारण. खजूर बारीक चिरून पाणी आणि सोडा घालून मध्यम आचेवर ठेवा. सोड्याचं काम खजुराचं साल आणि पेक्टिन (फळाला घट्टपणा देणारा घटक) मऊ पाडण्याचं. त्याने दहा मिनिटांत लगदा होतो आणि रंगही गडद येतो. लिंबू मात्र शेवटी, गॅस बंद केल्यावर. सुरुवातीलाच घातलं तर आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात, साल तसंच चिवट राहतं. बऱ्याच पाककृतींत पाव चमचा सोडा आणि एक मोठा चमचा लिंबू सांगतात. हिशेब केला तर एवढा सोडा तेवढ्या रसातला बहुतेक सगळा आंबटपणा खाऊन टाकतो. मग सारण नुसतं गोड लागतं आणि लिंबू गेलं कुठे असा प्रश्न पडतो. म्हणून सोडा निम्मा केला आणि रस थोडा वाढवला. त्याहून जास्त सोड्याने साबणासारखी चव येते.

किती आटवायचं? पातेल्याचं रिकामं वजन आधी लिहून ठेवा. लिंबू घालण्याआधी सारण ५४० ग्रॅमवर आलं की थांबा. हे वजन कोरड्या, दाबलेल्या खजुराचं. आपल्याकडे मिळणारा इराणी मऊ काळा खजूर (किमिया वगैरे डब्यांतला) मुळातच ओला असतो. त्याला पाणी १६० मिली पुरतं आणि ५०० ग्रॅमवर थांबायचं. वजनकाटा नसेल तर उलथणं पातेल्याच्या तळाशी ओढून बघा. मागे पडलेली वाट दोन-तीन सेकंद मोकळी राहिली पाहिजे. लगेच भरून आली तर अजून पाणी आहे. गार झाल्यावर सारण बरंच घट्ट होतं, त्यामुळे गरम असतानाच जॅमइतकं घट्ट केलं तर दुसऱ्या दिवशी दातांना चिकटणारी चिक्की होते.

खजूर बिया काढलेलाच असला तरी प्रत्येक फळ उघडून बघा, हा नियम मोडू नका. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या फळाच्या पोकळीत कधी काजळीसारखी काळी भुकटी निघते. ती बुरशी आहे, ते फळ फेकायचं. सालावरचे पांढुरके खडबडीत ठिपके मात्र बहुधा साखरेचे असतात. बोटाने चोळले की रवाळ लागतात आणि गरम केल्यावर विरघळतात. बीसकट खजूर घेतलात तर साधारण दहावा भाग बियांत जातो असं धरून जास्त घ्या. खारीक यासाठी घेऊ नका. रात्रभर भिजवली तरी तिचा रेशा सारणात जाणवतो.

सारण कोमट झाल्याशिवाय तळावर पसरायचं नाही. बटर ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, त्यामुळे गरम सारण पडलं की तळातलं बटर सुटून कडेला जमा होतं, आणि तो थर कुरकुरीत व्हायचा सोडून तेलकट होतो. ताटात पसरून ठेवलं तर पंख्याखाली वीस मिनिटांत काम होतं.

चुऱ्याकडे वळू. कोरडं सगळं एकत्र करून गार बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, हाताच्या उष्णतेने बटर वितळतं. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि टिचकी मारली की फुटावा, इथे थांबायचं. तळाचे ३४० ग्रॅम सपाट बुडाच्या वाटीने घट्ट दाबा, विशेषतः कोपऱ्यांत. १७५ अंशांवर १२ ते १४ मिनिटं, कडेला हलका रंग येईपर्यंत भाजा. मग सारण पसरताना चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर जागा सोडा. सारण टिनला टेकलं की साखर तिथे करपते आणि कड दगड होते. वरचा चुरा नुसता भुरभुरायचा, त्यातले मोठे गठ्ठे तसेच ठेवायचे. वरून दाबला तर फळी तयार होते आणि कापताना सारण बाजूने बाहेर येतं. पुढे ३० ते ३५ मिनिटं.

ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) वापरणाऱ्यांनी पहिला टप्पा फक्त खालच्या रॉडवर, खालच्या मधल्या रॅकवर करावा. वरचा रॉड शेवटच्या पंधरा मिनिटांना. पंखा चालू असेल तर १६० अंश. काळ्या टिनमध्ये दहा अंश कमी. डायलवरच्या आकड्यावर विसंबू नका. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर फार महाग नसतो आणि बऱ्याच शंका एका फटक्यात मिटवतो.

ओट्सबद्दल: आपल्या दुकानांत सहज मिळणारे झटपट शिजणारे ओट्स बारीक असतात. त्यांचा चुरा एकजीव, केकच्या जवळ जाणारा होतो. जाड रोल्ड ओट्सचा मोकळा आणि खुसखुशीत, पण कापताना सांडतो. सध्या दोन भाग रोल्ड आणि एक भाग बारीक हे जमलं आहे. मैद्याऐवजी कणीक एक तृतीयांशापर्यंत चालते. त्यापुढे गेलं की चक्कीची कणीक पाणी जास्त ओढते आणि तळ कडक होतो. ब्राउन शुगरऐवजी कोल्हापुरी गुळाची पावडर घातली तर चव खोल येते, पण गूळ लवकर रंगतो. तापमान १६५ ठेवा आणि पावडर चाळून घ्या, पावसाळ्यात तिच्यात हमखास गुठळ्या होतात.

आता जुनी कार्डं. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि इथेच सगळ्यात जास्त हाती लागतं. ‘आईच्या हातची चव येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा चार कारणांपैकी एकावर येऊन थांबते.

पहिलं कारण कप. जुन्या कॅनेडियन कार्डावरचा कप २२७ मिलीचा, आजचा मेट्रिक कप २५० चा. सगळंच कपांत असेल तर काही बिघडत नाही, प्रमाण तेच राहतं. पण खजूर ‘एक पाकीट’ असा लिहिलेला असतो आणि ते पाकीट अनेकदा एका पौंडाचं, म्हणजे ४५४ ग्रॅमचं. आजच्या कपाने मोजलं की चुरा वाढतो, खजूर तेवढाच राहतो आणि तुकडा कोरडा लागतो. सोबतची मापं बघून पाकीट केवढं असेल याचा अंदाज घ्या आणि मग सगळं ग्रॅममध्ये उतरवा. कार्डावर ‘अंड्याएवढं बटर’ असेल तर ५५ ते ६० ग्रॅम धरा. ‘मॉडरेट’ ओव्हन म्हणजे ३५० फॅरनहाइट, आपले १७५ अंश.

दुसरं चरबी. १९४२ मध्ये कॅनडात आधी साखरेचं आणि मग बटरचं रेशनिंग सुरू झालं. बटर आखडतं घेऊन लार्ड (डुकराची चरबी) किंवा शॉर्टनिंगवर (डालड्यासारखी घट्ट चरबी) निभावायची सवय कित्येक स्वयंपाकघरांत होती, आणि कार्डावर तेच लिहिलेलं सापडतं. लार्ड म्हणजे शंभर टक्के चरबी. बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असतं. लार्डच्या जागी तेवढ्याच वजनाचं बटर घातलं की चरबी कमी पडते, पाणी वाढतं आणि चुरा चिवट होतो. १०० ग्रॅम लार्डला १२० ग्रॅम बटर घ्या. किंवा सरळ साजूक तूप घ्या, वजनाला वजन. रवाळ, थिजलेलं तूप इथे फार सुंदर काम करतं. वास वेगळा येतो, पण दाताखालचा भुसभुशीतपणा जुन्या कार्डाच्या जवळ जातो. उलट बटरची पाककृती तुपात करायची असेल तर १५० ग्रॅम बटरला १२० ग्रॅम तूप आणि २० मिली गार दूध. दूध विसरलात तर तळ वाळूसारखा सुटतो.

तिसरं खजुराची जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उत्तर अमेरिकेत येणारा खजूर मुख्यतः इराकमधल्या बसऱ्याच्या बाजूचा असे, दर शरदात जहाजाने. नंतर कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात अल्जीरियाची देगलेट नूर रुजली. मेजूलची रोपं मोरोक्कोतून १९२७ मध्ये अमेरिकेत आली. आज हौसेने मेजूल घालणारे खूप आहेत. तो खायला उत्तम, पण या सारणात अति गोड आणि जड होतो, शिवाय पैसे वाया जातात. स्वस्त, दाबलेला बेकिंगचा खजूर घ्या. टोरोंटो, मिसिसॉगाच्या दुकानांत त्याचे विटेसारखे ठोकळे मिळतात.

चौथं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: आठवणीतला तुकडा ताजा नसायचा. कार्यक्रमासाठीचे स्क्वेअर आदल्या दिवशी करून पत्र्याच्या डब्यात ठेवले जात. रात्रभरात सारणातला ओलावा चुऱ्यात उतरतो, ओट्स मऊ पडतात, गोडवा मुरतो. ओव्हनमधून काढून तासाभरात खाल्लेला तुकडा कुरकुरीत लागतो, पण त्याची तुलना चुकीच्या गोष्टीशी होते. कुणाच्या सासूबाईंसाठी, आजोबांसाठी करत असाल तर आदल्या संध्याकाळी करा आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर द्या. आणि विचारून घ्या की त्यांच्या घरी लिंबू होतं, संत्र्याची साल होती की अक्रोड. यावर घराघरात ठाम मतं असतात आणि ती सगळी बरोबर असतात.

कापायचं पूर्ण गार झाल्यावरच, फ्रिजमध्ये निदान चार तास. टिनमध्ये बटर पेपर दोन बाजूंनी वर येईल असा घातलेला असला की अख्खी लादी उचलून बाहेर येते. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, वरून सरळ खाली दाबायची, करवतीसारखी ओढायची नाही. ५ सेंटिमीटरचे १६ तुकडे पडतात, प्रत्येकी साधारण ६५ ग्रॅम. डब्यात तीन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर, तुकड्यांमध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये दोन महिने. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डबा बाहेर ठेवू नका.

पुढची चाचणी बेदाण्यांची. प्रेअरीत याच चुऱ्यात मनुका घालूनही स्क्वेअर करतात, आणि सांगली-तासगावचा बेदाणा हाताशी असताना तो करून बघायलाच हवा. बेदाण्याला खजुरासारखा गर नसतो, त्यामुळे सारण आपोआप बांधलं जात नाही. सुरुवातीचं माप: बेदाणे ३०० ग्रॅम (निम्मे भरड चिरलेले), पाणी २४० मिली, साखर ४० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम दोन चमचे गार पाण्यात कालवून, लिंबू ३० मिली. सोडा अजिबात नाही. बेदाणे फुगेपर्यंत शिजवायचे, मग कॉर्नफ्लोअर घालून एक मिनिट खळखळून उकळी येऊ द्यायची. उकळी कमी पडली तर पिठाची कच्ची चव राहते आणि दुसऱ्या दिवशी सारण पाणी सोडतं. पिवळा बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो, त्याची चव आंबूस आणि हलकी. काळी मनुका जास्त गोड. आधी दोन्ही सारखे घेऊन बघायचं आहे. हे सारणही खजुरासारखंच कोमट करून घालायचं.