पाठीवरचा ५९

आज ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या अंगावर ५९ नंबरची जुनी जर्सी होती. धुऊन धुऊन आकडा पार विटलेला. डेमेको रायन्सचा नंबर! २००६ साली टेक्सन्स या ह्यूस्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघात आला आणि पहिल्याच मोसमात लीगमधला सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला. २०१० मध्ये टाचेमागची शीर तुटली, २०१२ मध्ये संघानं त्याला फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकलं. किती लागलं असेल मनाला. तोच माणूस २०२३ मध्ये मुख्य कोच होऊन परतला, आणि आदल्या मोसमात जेमतेम ३ सामने जिंकलेल्या संघानं १० जिंकले. आज मी बॉलपेक्षा साइडलाइनवर त्यालाच जास्त बघत होते. तिसऱ्या डाउनला, म्हणजे पुढे सरकायच्या तिसऱ्या प्रयत्नाला, आपल्या पोरांनी समोरच्यांना जागीच रोखलं, तसे आजोबा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले आणि उभेच राहिले.