तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ चर्च नक्की कुणाचं?

चर्चच्या इतिहासावर लिहिते म्हणून एक प्रश्न मला हमखास येतो. "पहिल्या शतकातलं मूळ चर्च आम्हीच पुन्हा उभं केलं, असं म्हणणारे इतके पंथ आहेत. त्यांतला खरा कोणता?" विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. तसं नाव माझ्याकडे नाही, पण मी प्रश्न टाळतही नाही.

हा ध्यास जुना आहे. १५२५ मध्ये झुरिकमधल्या काही तरुणांनी प्रौढ वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला, कारण तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्यांना बायबलच्या नव्या करारात कुठे सापडेना. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला दोनच वर्षांनी लिमात नदीत बुडवून मारलं, आणि मारणारं सरकार प्रॉटेस्टंट होतं. १८३० मध्ये मॉर्मन पंथाच्या जोसेफ स्मिथने तर मूळ चर्च साक्षात्कारातून, नव्या ग्रंथासकट परत आल्याचं जाहीर केलं.

मला मात्र सगळ्यांत जवळची वाटते ती अमेरिकेतली स्टोन-कॅम्पबेल चळवळ. ती भांडणांना कंटाळलेल्या माणसांनी सुरू केली. थॉमस कॅम्पबेल हा आयर्लंडहून आलेला, प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचा पाळक. आपल्या उपपंथाबाहेरच्यांनाही त्याने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, दिलं म्हणून वरिष्ठ त्याच्यावर उठले. मुलगा अलेक्झांडर तेव्हा ग्लासगोत होता. तिथे पात्र ठरलेल्यालाच धातूचा एक बिल्ला मिळे आणि तो दाखवून प्रभुभोजनाला बसता येई. अलेक्झांडरने बिल्ला मिळवला, ताटात टाकला आणि भाकर-द्राक्षारसाला हात न लावता उठून गेला. इकडे केंटकीत बार्टन स्टोन आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःच स्थापलेल्या स्प्रिंगफील्ड प्रेस्बिटरीचं, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाचं, १८०४ मध्ये चक्क मृत्युपत्र लिहिलं: ही संस्था मरो आणि ख्रिस्ताच्या देहात, म्हणजे सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या एका चर्चमध्ये, विरून जावो. धार्मिक संस्था इतक्या खुशीने मरत नाहीत हो! या एका कागदासाठी मी त्यांना पुष्कळ माफ करते.

थॉमसचं १८०९ मधलं सूत्र असं: शास्त्र जिथे बोलतं तिथे आम्ही बोलू, जिथे गप्प आहे तिथे गप्प राहू. त्यावर विसंबून १८३२ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला स्टोनचा आणि कॅम्पबेलांचा असे दोन्ही गट एक झाले.

सगळी गोची सूत्राच्या दुसऱ्या अर्ध्यात होती. शास्त्र गप्प आहे म्हणजे मोकळीक आहे की मनाई? नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रात गाण्याचा उल्लेख आहे, वाद्याचा नाही. १८६० च्या सुमारास मिडवे नावाच्या गावातल्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, मेलोडियन हे पेटीसारखं वाद्य आलं, कारण लोकांना सूर धरता येत नव्हता. एक म्हणाले, मना कुठे केलंय? दुसरे म्हणाले, सांगितलं तरी कुठे आहे? धर्मप्रसारासाठी १८४९ मध्ये निघालेल्या मिशनरी सोसायटीवरही हाच वाद होता. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं. शहरांतल्या सुस्थित मंडळ्या एकीकडे आणि दक्षिणेतल्या होरपळलेल्या दुसरीकडे झाल्या, तेव्हा हे भांडण निव्वळ वाद्याचं उरलं नव्हतं. १९०६ च्या सरकारी धार्मिक गणतीत वाद्य नाकारणारे 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' हे चळवळीतल्या बाकीच्या 'डिसायपल्स'पासून वेगळे मोजले गेले. पुढे त्यांच्यातही प्रभुभोजनाला एकच प्याला की अनेक, रविवारची शाळा असावी का, अनाथाश्रमाला मंडळीच्या निधीतून पैसे द्यावेत का, यावरून फाटे फुटत राहिले. एकीसाठी निघालेली ही माणसं, आणि प्रत्येक फाटा तितकाच प्रामाणिक.

त्यांच्या हट्टीपणाला मी दोष देत नाही. पहिलं चर्च म्हणजे एक पक्का, पूर्ण आराखडा होता, हे त्यांचं गृहीतच मला पटत नाही. प्रेषितांच्या डोळ्यांदेखत करिंथ शहरातले ख्रिस्ती लोक 'मी पौलाचा, मी अपुल्लोचा' असं आपापल्या गुरूंची नावं घेऊन भांडत होते. यरुशलेममधले विश्वासणारे जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवत. करिंथकरांना पौल फक्त ऐपतीप्रमाणे बाजूला काढायला सांगतो. यांतलं मूळ कुठलं धरायचं? शिवाय ज्या नव्या कराराच्या मापाने हे मोजतात, त्याच्या नेमक्या सत्तावीस पुस्तकांची यादी प्रथम दिसते ती बिशप अथनेशियसच्या ३६७ मधल्या पत्रात. म्हणजे ज्या काळात चर्च केव्हाच भरकटलं होतं असं यांतले बरेच जण म्हणतात, नेमक्या त्याच काळात!

तरी दर रविवारी प्रभुभोजन, पाळक आणि सामान्य विश्वासणारा यांच्यात भिंत नको हा आग्रह, या गोष्टी त्यांनी खरोखरच मागच्या काळातून उचलून आणल्या आहेत. त्या मला फार मोलाच्या वाटतात.

आणि बुडवूनच बाप्तिस्मा द्यायचा की पाणी ओतलेलं चालेल, असं विचारणाऱ्यांना मी 'दिदाखे' वाचायला सांगते. हे अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचं छोटं नियमपुस्तक १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं, तोवर या वादातल्या बाजू पक्क्या झाल्या होत्या. त्यात म्हटलंय: वाहतं पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरं, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. त्याच पुस्तकात असंही आहे, की पाहुणा आलेला प्रेषित एक दिवस, फार तर दोन दिवस राहील. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा संदेष्टा समजावा. हा नियम पुन्हा लागू करा म्हणणारा एकही प्रचारक मला अजून भेटलेला नाही.