एकशे सत्तावीस दात्यांचे चाक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सर्वांत आधी आठवले ते तांत्रिक विभागाचे वर्कशॉप. मी नववीत होतो ते साल 1976. मेट्रिक मापांचा कायदा 1956 मध्येच झाला होता आणि आम्ही पुस्तकातली गणिते मिलिमीटरमध्ये सोडवत होतो. धातूचा तुकडा फिरवून कापायचा लेथ मात्र जुना, इंचाचा होता. कापणारे टूल पुढे सरकवणाऱ्या त्याच्या लांब स्क्रूला, म्हणजे लीडस्क्रूला, इंचाला चार आटे होते.

या लेथवर दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत तेवढे अंतर असलेले, आटे कसे पाडायचे, असे सरांनी एकदा विचारले. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याची पाचपट 127, आणि 127 ही मूळ संख्या असल्यामुळे तेवढ्याच दात्यांचे चाक लागते, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवले. तुकडा फिरवणाऱ्या स्पिंडलकडे 30 आणि लीडस्क्रूवर 127 दात्यांचे चाक चढवले की पिच बरोबर दीड मिलिमीटर येतो. ते चाक सर तेलकट फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत. असे आटे पाडताना कॅरेजला, म्हणजे टूल धरणाऱ्या सरकत्या भागाला, लीडस्क्रूशी जोडणारा हाफ नट मध्येच सोडायचा नाही, टूल मागे घेऊन लेथ उलटा फिरवायचा आणि मगच कॅरेज परत आणायचे, हे त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून शिकवले.

पुढे कारखान्यात लागलो तेव्हा या शिकवणीची किंमत कळली. एका जुन्या विलायती प्रेसवर काम चालू असताना फिटरने ‘चार सूती बोल्ट’ मागितला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा चार सूत म्हणजे 12.7 मिलिमीटर, पण बाजारात 12 मिलिमीटरलाही सर्रास चार सूतच म्हणतात, आणि मदतनीस पोराने तोच आणला. व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची पद्धतीच्या, अर्ध्या इंची बोल्टला इंचाला 12 आटे, म्हणजे पिच सुमारे 2.12 मिलिमीटर, मेट्रिकच्या 12 ला 1.75. पहिला आटा बसल्यासारखा वाटला, पुढे अडकला, पाना लावून जोर केला आणि बिडाच्या भागातले आटे गेले. दोष त्या पोराचा नव्हता. एकाच नावाने दोन मापे चालवणाऱ्या आम्हा जाणत्यांचा होता. त्या दिवसापासून मी बोल्टचे माप तोंडी सांगितले नाही, व्यास आणि पिच दोन्ही चिठ्ठीवर लिहूनच देत आलो.

शाळेत आता नवी यंत्रे येणार असल्याचे कळले, त्याचा मनापासून आनंद आहे. जुना लेथ काढावा लागला तरी कपाटातले ते 127 दात्यांचे चाक भंगारात जाऊ देऊ नये, एवढी संस्थाचालकांना माझी नम्र विनंती आहे.